डोळे मिटून मारलेला टोमणा

प्रिय मावशी, जय ख्रिस्त.

मी सोलापूरची, वय ३८. घरी सासूबाई, नवरा, १५ वर्षांचा मुलगा आणि १० वर्षांची मुलगी. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते, डझनावर पैसे मिळतात. मार्चपासून शाळा उघडेपर्यंत सीझन, त्यामुळे घरी यायला रात्रीचे आठ होतात. हे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात, शिवाय चर्चच्या पंच कमिटीत आहेत.

सासरे गिरणी कामगार होते. त्यांच्या काळापासून घरात रोज रात्री प्रार्थना होते. एक गीत, एक अध्याय, मग प्रत्येकाची प्रार्थना. सासरे गेल्या पावसाळ्यात वारले. तेव्हापासून मुलगा बसत नाही, गॅलरीत मोबाइल घेऊन उभा राहतो. चर्चलाही येत नाही. 'मला नाही पटत' एवढंच म्हणतो. मी रोज त्याच्यासमोर प्रार्थना करते, की प्रभू, ह्याचं कठीण मन मऊ कर, ह्याची वाईट संगत तोड, जूनपासून दहावी आहे, ह्याला बुद्धी दे. काही फरक नाही. उलट आता मी डोळे मिटले की तो दार आपटून बाहेर जातो. जानेवारीत मित्रांबरोबर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेला, प्रसाद खाऊन आला, त्यावरून सासूबाईंनी तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. त्या म्हणतात, आम्ही पिठाचे हात धुऊन वेळेवर बसायचो, तुझ्यातच विश्वास नाही तर पोरांत कुठून येणार. खरं सांगते, मला प्रार्थनेत झोप लागते. पाणी चार दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी ऐन रविवारी उपासनेच्या वेळी. महिन्यातला एखादा तरी रविवार नळापाशीच जातो. मी आई म्हणून कमी पडले का?

— एक आई


अगं, जय ख्रिस्त.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तू दिसत होतीस. पत्र्याखाली मशीनवर बसलेली, बाहेर ४२-४३ डिग्री, समोर बाह्या जोडायच्या राहिलेल्या शर्टांचा ढीग. दुसऱ्यांदा वाचताना मी तुझ्या पोराच्या जागी जाऊन बसले, आणि तिथं मला बसवेना.

तू रात्रीची प्रार्थना जशीच्या तशी लिहून पाठवलीस ते बरं केलंस. आता ती पुन्हा वाच. कठीण मन, वाईट संगत, दहावी, बुद्धी. ह्यातलं कुठलं तू त्याला दिवसा डोळे उघडे ठेवून ऐकवत नाहीस? दिवसा बोललीस तर तो निदान उलट बोलू शकतो. रात्री तू देवाला मध्ये घेतेस. आईशी भांडता येतं. आई डोळे मिटून, हात जोडून, भरल्या आवाजात बोलायला लागली तर १५ वर्षांच्या पोरानं काय करायचं? दार आपटायचं. तो तेच करतोय.

मला हा टोमणा लांबून ओळखू येतो, कारण तो मारण्यात मी पटाईत होते. माझी थोरली सातवीत स्कॉलरशिपला बसलेली. मी शाळेत शिक्षिका, म्हणजे माझ्या पोरीनं मागं पडणं ही माझी बेअब्रू. जेवणाआधी मी डोळे मिटायची, अन्नाचे आभार दोन शब्दांत उरकायची आणि गणितावर यायची. 'हे प्रभू, हिचा आळस काढ. शेजारची मुलं पहाटे पाचला उठून अभ्यास करतात, तू पाहतोस.' पाहतो ना तो, मग मी त्याला शेजारच्या मुलांची बातमी कशाला पुरवत होते? एका रात्री माझं असंच चाललेलं, भाकरी गार होत होती, आणि लेकीनं मध्येच मोठ्यानं 'आमेन!' म्हणून ताट पुढं ओढलं. धाकटा खदखदून हसला. मी दोघांच्याही पाठीत एकेक ठेवून दिली. त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्यासमोर प्रार्थनेत ओठ हलवेना.

माझी आई तेव्हा आमच्याकडं राहायला आलेली होती. तिनं चार दिवस हे पाहिलं आणि भांडी घासता घासता विचारलं, "तू देवाला सांगतीस का पोरीला ऐकवतीस? देव काय बहिरा आहे, एवढ्या मोठ्यानं?" मला इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

नंतर कधीतरी बायबलमधल्या पहिल्या शमुवेलातली हन्ना वाचताना मला आईचं बोलणं कळलं. हन्ना आपण लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेपासून ऐकतो, पण ऐकतो ती मूल मागणारी, नवस करणारी. तिच्या घरात काय चाललेलं होतं ते भराभर वाचून पुढं जातो. सवत तिला वर्षानुवर्षं टोमणे मारत होती, खिजवत होती. टोमण्यांनी सोललेली ही बाई शिलोला परमेश्वरापुढं जाऊन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडं सवतीविरुद्ध बोलायला केवढं होतं! पण तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. इतका, की एली याजकाला वाटलं, बाई प्यायलेली आहे. याजकालाही कळू नये अशी प्रार्थना शास्त्रात आहे, आणि तिचं फळ शमुवेल आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही कर. मुलासाठीची प्रार्थना त्याच्या कानांपासून लांब ने. प्रभूनं आतल्या खोलीत जाऊन दार लावायला सांगितलं. तू म्हणशील, मावशी, खोल्या दोन, आतल्या खोलीत सासूबाई. मग मशीन हीच तुझी आतली खोली समज. ओव्हरलॉकच्या आवाजात तू काय पुटपुटतेस ते शेजारच्या बाईलाही कळणार नाही. तिथं रड, भांड, दहावीचंही बोल, सगळं बोल.

दुसरी गोष्ट जड जाईल. मुलाला सांग, 'मी प्रार्थनेत तुला बोलत होते, ते चुकलं.' एवढंच. पुढं 'पण' लावू नकोस. 'पण तूही जरा' आलं की माफी गेली. आणि हे प्रार्थनेच्या वेळी सांगू नकोस. पाणी येईल त्या पहाटे सांग, नळाखाली घागर लागलेली असताना, तो बादल्या उचलत असताना. ह्या वयाच्या पोरांना समोर बसवून बोललं की ती पळतात. हाताला काम असलं की कान मोकळे असतात. तो काही बोलणार नाही. बहुतेक 'हूं' म्हणेल. त्या 'हूं'वर समाधान मान.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या शब्दावरून तू पटकन पुढं गेलीस, त्याकडं येते. 'तेव्हापासून.' सासरे पावसाळ्यात वारले, तेव्हापासून मुलगा बसत नाही. मोबाइल, संगत, गड्डा ह्यावर तू इतकं लिहिलंस आणि ह्यावर अर्धी ओळ. आजोबा आजारी असताना घरात रोज प्रार्थना झाली असणार. पाळकसाहेब येऊन गेले असतील, महिला मंडळ येऊन गेलं असेल. पोरानंही मागितलं असेल, कदाचित तुमच्या सगळ्यांपेक्षा मनापासून, कारण रोज त्या म्हाताऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा तोच. आणि आजोबा गेले. मग महिन्याभरात पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी, तेच गीत. आजोबांची जागा रिकामी, आणि प्रार्थनेचा विषय त्याचं गणित! मीही उठून गॅलरीत गेले असते.

आणखी एक विचारते. मयताच्या घरी येऊन शहाणपण सांगणारे आपल्या मंडळीत काही कमी नाहीत. 'विश्वास कमी पडला' असं त्याच्या कानावर कुणी घातलं का? घातलं असेल तर ते तू त्याच्यासमोर खोडून काढ. ह्या एका वाक्यानं किती पोरं चर्चच्या दाराबाहेर गेली ते मी पाहिलंय, आणि ते वाक्य आलं की माझं डोकं फिरतं. लाजर गेला तेव्हा मार्था आणि मरीया दोघी बहिणी येशूला एकच वाक्य म्हणाल्या, तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्यांनी हे आडून म्हटलं नाही, त्याच्या तोंडावर म्हटलं. तुमचा विश्वास कमी, असं तो त्या दोघींना म्हणाला नाही. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला. तुझ्या पोराचं 'मला नाही पटत' हे त्या बहिणींच्याच वाक्याचं धाकटं भावंड असावं असं मला वाटतं.

त्याच्याशी हे बोलायला जाशील तेव्हा उत्तर घेऊन जाऊ नकोस. आजोबा का गेले ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही, तुझ्याकडं नाही, पाळकसाहेबांकडंही नाही. 'मीपण मागितलं होतं, मलाही कळलं नाही' असं म्हणालीस तरी पुष्कळ. फार तर तेरावं स्तोत्र त्याला दाखव. सहाच ओव्या आहेत आणि सुरुवातच अशी, की देवा, मला कुठवर विसरणार? हे शास्त्रात छापलेलं आहे हे कित्येक पोरांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं, देवाला फक्त आभार चालतात.

आणि येशूचा शिष्य थोमा. त्याला आपण 'संशयी' म्हणून मोकळे होतो. दहा जण म्हणत होते, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, मी खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मानणार नाही. त्यानंतर योहान सहज लिहून जातो, की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. आठ दिवस त्या घरात काय चाललं असेल? बाकीचे दहा ज्याच्यावर विश्वास ठेवून बसलेत तेच ह्याला मान्य नाही, आणि तरी हा त्यांच्यातच. कुणी त्याला हाकललं नाही, कुणी त्याच्या ताटासमोर डोळे मिटून 'प्रभू, थोमाचं मन मऊ कर' असं केलं नसावं. त्याचे आठ दिवस होते, तुझ्या पोराचे आठ महिने असतील, आठ वर्षंही असतील. तेवढा वेळ त्याची भाकरी, त्याची जागा, त्याची थट्टामस्करी घरात तशीच राहू दे.

चर्चचं म्हणशील तर मी अगदी मोकळं सोडणाऱ्यांतली नाही. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या रविवारी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र जायचं असं ठरवा. तो प्रभुभोजन घेईल न घेईल, ते त्याच्यावर. बाकावर बसेल. बाकीचे रविवार त्याचे त्याला दे, आणि त्यातल्या ज्या रविवारी पाणी येईल ते त्यानं भरायचं. शिक्षा म्हणून नाही. १५ वर्षांच्या पोरानं घराचं पाणी भरावं, त्यात काय? आई उपासनेला बसलीय आणि आपण तिच्यासाठी टाकी भरतोय, हे त्याच्या लक्षात येईल. तू बोलून दाखवू नकोस म्हणजे झालं.

आता सासूबाई. त्या तुला लागेल असं बोलल्या, आणि ते चुकीचंच आहे. पण त्यांचं ऐक जरा. त्या म्हणतात, आम्ही वेळेवर बसायचो. अगं, ती वेळ गिरणीची होती! आपल्या सोलापुरात अर्ध्या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. भोंगा झाला की चहा, भोंगा झाला की डबा, भोंगा झाला की माणूस घरी. पाळी ठरलेली, पगार ठरलेला, मग प्रार्थनाही ठरलेली. आता गिरण्या गेल्या, भोंगे गेले. तुझा नवरा रात्री अकराला सुटतो, तुझी शिलाई डझनावर आणि तुझा भोंगा म्हणजे नळ. त्यांची शिस्त खरी होती, पण ती सगळीच विश्वासातून आलेली नव्हती. हे त्यांना ऐकवू नकोस हां. तू फक्त मनातून स्वतःला कमी लेखणं सोड.

त्या तरी तशा का धरून बसल्यात? त्यांचा माणूस जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. ज्या गीताला नातू उठून जातो, त्या गीतात त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू येत असेल. आजी आणि नातू दोघं एकाच माणसासाठी रडतायत. एक त्या जागेला चिकटून, एक त्या जागेपासून पळून. मधे तू. म्हणून रात्रीची प्रार्थना सासूबाईंच्या हाती दे. जुनी गीतं त्यांना तोंडपाठ असतील, पुस्तक लागणार नाही. एक गीत त्यांनी म्हणायचं, चार ओव्या लेकीनं वाचायच्या, एखाद्या दिवशी आजोबांची गोष्ट सांगायची, संपलं. पाच मिनिटं. नियम एकच, आणि तो आजीलाही लागू, की प्रार्थनेत घरातल्या कुणाचं नाव घ्यायचं तर आभारासाठी, नाहीतर त्याला विचारून. 'तुझ्यासाठी काय मागू?' असं विचारलं तर पोरगा पहिले काही दिवस 'काही नको' म्हणेल. मग 'काही नको' म्हणूनच सोड.

तुझ्या झोपेचं काय घेऊन बसलीस! एलीयाची गोष्ट काढ, पहिल्या राजांचा १९ वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा रानात झाडाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे, आणि झोपून जातो. देवदूत येतो. उपदेश करत नाही. उठवून म्हणतो, जेव. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो तेही जेवायलाच. भाकरी आणि भरलेलं पाणी, सोलापूरच्या बाईला देवदूताकडून आणखी काय हवं? सीझन संपेपर्यंत तू प्रार्थनेत झोपलीस तर झोप. लेकीला सांग, आमेन झाल्यावर आईच्या अंगावर चादर टाक.

गड्ड्याविषयी दोन शब्द. मी लहानपणी दर जानेवारीत होम मैदानावर गेले आहे. पाळण्यात बसले आहे, भेळ खाल्ली आहे. माझे वडील शब्बाथ शाळा चालवायचे, पण नंदीध्वज निघाले की मला खांद्यावर घ्यायचे. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच नंदीध्वज पेलत ६८ लिंगांच्या वाटेनं जाताना पाहणं हा सोलापूरकराच्या डोळ्यांचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रसादावर आपल्यात एकमत नाही, करिंथच्या मंडळीतही नव्हतं. त्यांना लिहिलेल्या पत्रात पौलानं दोन्ही बाजू धरल्या आहेत. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही, आणि तरी तुझ्या खाण्यानं दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर सांभाळ. मला विचारशील तर मित्रानं हातावर ठेवलं, ते त्यानं खाल्लं, ह्यात पोराचं काही बिघडलं नाही. पण घरी येऊन त्यानं ते आजीला खिजवायला सांगितलं असेल, तर तेवढ्यापुरतं त्याला बोल. तिळगूळ शेजारच्या घरून येतोच ना? आणि नाताळला तुझी करंजी तिकडं जातेच ना? मग.

राहिला तुझा नवरा. एवढ्या मोठ्या पत्रात त्यांना तू दीड ओळ दिलीस, पाळी आणि पंच कमिटी. मुलगा त्यांचाही आहे, वारले ते त्यांचे वडील, आणि रविवारी नळ त्यांच्याही घरी येतो. चर्चमध्ये दानाचे पैसे मोजायला माणसं मिळतील. प्रेषितांच्या कृत्यांत सातजण निवडले ते कशासाठी, आठवतं? विधवांना रोजचं जेवण नीट वाढलं जात नव्हतं म्हणून. पंचांचं काम तिथून सुरू होतं असं धर, आणि मग प्रभुभोजनाच्या रविवारी पाणी आलं तर घागरी कुणी भरायच्या ते त्यांनाच ठरवू दे. शब्बाथ माणसासाठी झाला, हे त्यांनी कुणाच्या तरी तोंडून नक्की ऐकलेलं असेल. एखादी मीटिंग चुकवून मुलाला घेऊन कब्रस्तानात जाऊन या म्हणावं, दोघंच. गवत काढायचं निमित्त सांग.

हे सगळं तू समोर बसून त्यांना सांगायला गेलीस तर भांडण होईल. हा मजकूरच त्यांच्या मोबाइलवर पाठव, दुपारी, पाळी सुरू व्हायच्या आधी. जेवणाच्या सुट्टीत वाचतील. निळ्या खुणा दिसल्या तरी रात्री दार उघडल्या उघडल्या विचारू नकोस. आधी जेवू दे.

— मावशी